पक्षी समोरून पाहायचा होता

“मी तं हळूच बोलून राहिलो ना वैनी!”

हे वाक्य त्यांनी म्हटलं की तलावाच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. तुम्हीही मोठ्या आवाजाची माणसं पाहिली असतील. पंगतीत आग्रह करताना अख्ख्या मांडवाला दचकवणारा एखादा मामा, नाहीतर फोनवर बोलताना फोनची गरजच नसलेला एखादा शेजारी. पण आमच्या भाऊजींपुढे त्यातला एकही टिकला नसता.

ते अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे. पहाटे खेड्यापाड्यांतून माल उतरला की अडत्याच्या ओट्यावर ते एका रिकाम्या क्रेटवर चढायचे, उजवा हात वर करायचे आणि सुरू. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, फुलकोबी, एकेका ढिगाचा भाव असा काही पुकारायचे की झोपेत आलेला माणूस टक्क जागा व्हायचा. मधे बाजारात माइक आला. सगळ्यांनी घेतला, यांनी नाही. “माइक बोलीन तं मी काय करू? हात हालवू?” असं म्हणून त्यांनी तो शेजारच्या ओट्यावर देऊन टाकला. नंतर शेजारचा माइकवर ओरडायचा आणि हे नुसतेच, तरी गिऱ्हाईक यांच्याकडे.

माझी कॉलेजच्या पोरांची मेस होती, त्यामुळे रोजचा बाजार माझा मीच करायची. मी गर्दीत मागे उभी राहिले तरी यांची नजर पोचायची. हर्रास अर्ध्यात थांबवून म्हणायचे, “वैनी, मागं कावून उभ्या हाय? मेथी पाहून घ्या, कवळी हाये.” साऱ्या बाजाराच्या माना माझ्याकडे वळायच्या. मला असा राग यायचा! पण मेथी खरंच कोवळी असायची, त्यामुळे राग घरी जाईपर्यंत टिकत नसे.

भाऊजी नात्यातले नव्हेत, आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांच्या बायकोला थोडं कमी ऐकू येतं. “लगन झाल्यावरच कमी याले लागलं,” असं ती हसत सांगते. बाजारातून रिटायर झाल्यावर मात्र पंचाईत झाली. पहाटेच उठायची सवय, गळ्यात एवढा आवाज आणि समोर माल नाही. ते दारात उभे राहून दूधवाल्याला नमस्कार करायचे आणि त्याची सायकल डुगडुगायची. गल्लीतली लहान लेकरं झोपेतून उठून रडायची. सगळ्यांनी मिळून त्यांना माझ्या गळ्यात बांधलं. “वैनी, तुम्ही तलावावर फिरायले जाता ना? भाऊजींले घेऊन जा.”

मला शुगर निघाली होती. मेस सुनेकडे सोपवून मी डॉक्टरच्या धाकानं फिरायला जायला लागले होते. आमचा चौघांचा गट. एक कॉलेजातून रिटायर झालेले सर, बँकेत नोकरी केलेलं एक जोडपं आणि मी. वलगाव रोडच्या पुढे आत वळलं की एक जुना तलाव आहे. त्याच्या काठानं गुराख्यांची पायवाट जाते. आश्विन लागला की तिथं जे काही सुरू होतं ते पाहायला सर आम्हाला नेत. पाऊस सरलेला, पाणी थोडं आत गेलेलं, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडलेला. कांस पांढराशुभ्र फुललेला, तरोट्याच्या शेंगा वाळायला आलेल्या, कुर्डूचे गुलाबी तुरे, बांधापलीकडे तुरीला पिवळी फुलं. आणि पक्षी! परदेशातून आलेली बदकं, तुतवार, धोबी, खंड्या, कमळाच्या पानावरून चालणारे कमळपक्षी. सरांच्या गळ्यात दुर्बीण आणि एकच नियम, वाटेवर तोंड उघडायचं नाही.

अशा गटात मी हर्रासवाल्या भाऊजींना घेऊन गेले. माझंच धाडस म्हणायचं.

पहिल्या दिवशी बांधावर चढताच त्यांना पाण्यात उभे असलेले बगळे दिसले. “अरे बाप रे! किती हायेत पाहा ना हे!” झालं. जितके होते तितके उडाले. मग बदकं उडाली. मग बाभळीवरचा खंड्या किंचाळत गेला. सरांनी ओठावर बोट ठेवलं. भाऊजींनी मान डोलावली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं म्हणजे तुमच्या-माझ्या घरातलं भांडण. तिथं एक टिटवी उरली होती, तीही गेली.

झाडांचा मात्र काही प्रश्न नव्हता. झाडं उडत नाहीत. भाऊजी प्रत्येक झुडपापाशी थांबायचे, पान चुरगळून वास घ्यायचे आणि विचारायचे, “याची भाजी होते का?” तरोट्याची होते, कुर्डूची होते, हे त्यांना ठाऊकच होतं. कंबरमोडीची होत नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. बेशरमाच्या जांभळ्या फुलांपुढे उभे राहून म्हणाले, “दिसाले नंबर एक, खायाले शून्य. असा माल बाजारात लय येते.” सर एरवी हसत नाहीत. तेव्हा त्यांनी पाठ फिरवली, पण खांदे हलताना मी पाहिले.

रोज असंच. आम्ही पोचायचो, भाऊजींना काहीतरी दिसायचं, त्यांच्या तोंडून निघायचं आणि तलाव रिकामा. वाईट हेतू नव्हता हो. त्यांना चांगलं काही दिसलं आणि ते पुकारलं नाही, असं उभ्या जन्मात झालं नव्हतं. “मी ठरवतो वैनी, की नाई बोलाचं. पण तोंडातून निघूनच जाते. मले तं नंतर ऐकू येते.”

एकदा सरांनी त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, “भाऊजी, तुतवार कसा असतो सांगा बरं.” भाऊजी तत्काळ म्हणाले, “उडताना शेपटी खालीवर, पंखाले मधात पांढरी पट्टी.” “आणि खंड्या?” “पाठीवर निया निया. पुढचं मले नाई माहीत.” “बदक?” “बूड काळं.” आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की भाऊजी हसत नाहीयेत.

“हासा बाप्पा, हासा,” ते म्हणाले. “पण मी एकही पक्षी समोरून नाई पाह्यला. सारे मले पाठमोरेच दिसतात. थ्याचं तोंड कसं असते, डोये कसे असतात, मले ठाऊकच नाई.”

मला एकदम भरून आलं. एवढा आडदांड माणूस, बाजार गाजवलेला, आणि चिमूटभर पाखरू त्यांच्याकडे तोंड करून बसायला तयार नाही.

तरी सरांचा संयम कोजागिरीच्या सुमारास सुटलाच. चक्रवाकाची पहिली जोडी आली होती, सर वर्षभर तिची वाट पाहतात. भाऊजींनी तिला “अरे हे तं सोन्याचे हायेत!” असा आहेर केला आणि जोडी जी गेली ती दिसेनाशीच झाली. सर शांतपणे म्हणाले, “भाऊजी, उद्यापासून तुम्ही आमच्याबरोबर येऊ नका.” भाऊजी काही बोलले नाहीत. त्या एका वेळी ते खरोखर बोलले नाहीत. मी मात्र सरांना चांगलंच सुनावलं. तलाव काय तुमच्या वडलांचा आहे का, असं काहीसं. सर खरं तर तसे वाईट नव्हते, पण मला राहवलं नाही.

त्यानंतर भाऊजी सडकेनं एकटेच फिरायचे. ट्रकच्या बाजूनं, धुळीतून. आम्ही तलावाकडे वळायचो तेव्हा लांबून हात करायचे.

दिवाळीला त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं ठरवून टाकलं. तुळशीचं लग्न झालं की आईबाबांना घेऊन जायचं. फ्लॅट घेतला आहे, अकराव्या मजल्यावर. चांगलाच आहे पोरगा, काळजीनंच नेत होता. त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला, बशी खाली ठेवली.

“वैनी, जाण्याच्या आंदी एक काम करून द्या.”

“काय?”

“मले एक पक्षी बसलेला पाह्याचा हाये. जवून. समोरून. एकच. अकराव्या माल्यावर कोणता पक्षी येईन? आला तं कबुतर. थे का पक्षी हाये?”

मी दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन धडकले. सर नाही म्हणाले. मी उठले नाही. त्यांच्या बायकोनं दुसऱ्यांदा चहा आणला तरी मी उठले नाही, तेव्हा सर म्हणाले, “बरं, या घेऊन.”

पहिला उपाय भाऊजींनी स्वतःच केला. तोंडात तंबाखू-सुपारीचा मोठ्ठा खर्रा भरून आले. आमच्याकडे हा उपाय फार चालतो, खर्रा तोंडात असला की माणूस खुणेवर येतो. ते गाल फुगवून निमूट चालत होते आणि आम्ही खूश. एवढ्यात समोरच्या काटकीवर खंड्या येऊन बसला. भाऊजींच्या पोटातून “ऊंऽऽऽ” असा काही आवाज निघाला की मला वाटलं गाई हंबरल्या. खंड्या गेला. वर खर्रा थुंकायला ते कांसाच्या बेटात गेले, तर तिथून लाव्यांचा थवा फडफडत उठला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

परत येताना ते मुकाट्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्याशी चाळा करत होते. अचानक थांबले. “अरे! माहा बाप दिवसभर तोंड उघडत नव्हता.”

त्यांचे वडील बैलबाजारातले दलाल. बैलांचा सौदा बोलून करायचा नाही, ही तिथली रीत. विकणारा आणि घेणारा दोघांचे हात एका दुपट्ट्याखाली. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाही म्हणायचं. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. “मी लहानपणी बापाबरोबर जात होतो ना बाजारात. थो हात धरे, अन् त्याच्या तोंडावरची माशी हालत नव्हती. आतून सौदा चालू. मलेही येते थे.” आणि ते उत्साहानं ओरडले, “वैनी, मी तोंडानं नाई सांगत! मी बोटानं सांगतो! बातमीले निघाले जागा पायजे फक्त!”

कल्पना सोन्यासारखी होती. अडचण एवढीच की हात कोणाचा धरायचा. त्यांनी दुपट्टा माझ्यापुढे केला. मी म्हटलं, “भाऊजी, मी विधवा बाई. सकाळी सकाळी तुमचा हात धरून तलावावर हिंडले तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचेल.” बँकवाले नवराबायको एकमेकांचा हात सोडायला तयार नव्हते. राहिले कोण? सर.

सरांचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहायला हवा होता. सगळा जन्म शिस्तीत गेलेला माणूस, इस्त्रीचा सदरा, गळ्यात दुर्बीण, आणि हात हर्रासवाल्याच्या हातात, वर मळकट दुपट्टा. खुणा ठरल्या. एक बोट दाबलं की डावीकडे, दोन दाबली की उजवीकडे, सगळा पंजा आवळला की थांब, समोर आहे. पहिल्याच सकाळी भाऊजींना कमळपक्षी दिसला आणि त्यांनी पंजा असा आवळला की सर “आई गं!” म्हणून खाली बसले. क्रेट उचललेले हात ते. आम्हाला हसू आवरेना आणि पक्षी आमच्या हसण्यानं उडाला. भाऊजी विजयी मुद्रेनं म्हणाले, “या टाइमले मी नाई! लिहून ठेवा, मी नाई!”

आणि खरंच, पक्षी उडेपर्यंत ते वाटेवर एक शब्द बोलले नव्हते. बातमी बोटातून निघून गेली की गळ्यापर्यंत चढतच नव्हती. हळूहळू हात सैल झाला, सरांनाही भाषा कळायला लागली. एकदा सरांनी त्यांचं बोट दाबलं आणि भाऊजींनी डावीकडे वळून धोबी पाहिला, थोडा लांब, तिरपा. “अर्धं तोंड दिसलं,” ते परतताना म्हणाले. “कानाकडचं.” अर्ध्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं. आणि दिवस तर संपत आले होते.

शेवटची सकाळ उजाडली. दुसऱ्या दिवशी सामान निघायचं होतं. तलावावर पातळ धुकं होतं, गवत ओलं. आम्ही पाणकणसाच्या बेटापाशी आलो. तिथं चिखलात पाणलावे असतात. असतात म्हणजे काय, पायाखालून चर्रकन ओरडून वेडेवाकडे उडत जातात, तेवढंच. चिखलाच्याच रंगाचा पक्षी, बसलेला दिसतच नाही. आमच्यापैकी कोणी तो बसलेला पाहिला नव्हता. सरांनीही नाही.

सर एकदम थांबले. म्हणून आम्हीही थांबलो. दुपट्ट्याखाली पंजा आवळला गेला होता, पण या वेळी सर कळवळले नाहीत. मी समोर पाहिलं. चिखल, वाळकी काडी, आणखी एक काडी. मग दुसरी काडी हलली.

पाणलावा होता. हाताच्या अंतरावर म्हणणार नाही, पण माझ्या ओसरीवरून अंगणातली तुळस जेवढी लांब, तेवढाच. पाठीवर पिवळट रेघा, आणि चोच! अंगाच्या मानानं केवढी लांब ती. शिलाई मशीनच्या सुईसारखी चिखलात टचटच खुपसत होता. आम्ही पाचही जण श्वास धरून उभे.

आणि भाऊजींना ठसका आला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मान फुगली होती, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या. मोकळ्या हातानं त्यांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. चेहरा लाल, मग जांभळा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी मनात म्हणत होते, देवा, एवढ्या एका वेळी त्यांचा गळा सांभाळ, पुढे वाटेल तेवढा आवाज दे, पण आत्ता नको. सरांनी दुसरा हातही दुपट्ट्यावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. कोणती खूण होती कोण जाणे, ठरलेल्यांत ती नव्हती.

ठसका आतल्या आत जिरला. भाऊजी हलले नाहीत.

पाणलाव्यानं चोच वर काढली. टोकाला चिखल लागला होता. तो वळला. पूर्ण वळला आणि समोर तोंड करून उभा राहिला. डोक्यावर मधोमध फिकी रेघ, दोन्ही बाजूंना काळेभोर टपोरे डोळे. किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. माझे गुडघे दुखत होते आणि ते दुखणं मला आवडत होतं. मग तो एक पाऊल टाकत, मान पुढेमागे करत, आपल्या पायांनी चालत पाणकणसात शिरला. उडाला नाही. भाऊजींसमोरून एक पक्षी न उडता गेला!

आम्ही पावलं न वाजवता मागे आलो, बांधावर चढलो. सरांनी दुपट्टा काढला. त्यांचेही डोळे भरलेले होते, ते लपवत नव्हते. म्हणाले, “भाऊजी, आता बोला. वाटेल तेवढं बोला.”

भाऊजी बोलले, पण हळू. खरोखर हळू, मला ऐकायला पुढे वाकावं लागलं. “वैनी, थ्याचे डोये पाह्यले? एकदम मागं हायेत, कानापाशी. मले वाटे मीच त्याले मागून पाह्यतो. थो तं मले मागूनही पाहून राहिला होता बाप्पा, इतके दिवस!”

आणि मग त्यांना ते आवरलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या तलावाला ऐकवलं, “पाह्यलं रेऽऽऽ! समोरून पाह्यलंऽऽऽ!”

बाजारात इतकी वर्षं ऐकला, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अख्खा तलाव उठला. बगळे, बदकं, टिटव्या, शराटी, कोण कोण. पंखांचा सपसपाट झाला. थवे दूर गेले, पलीकडच्या बाभळींवरून वळले आणि गिरकी घेऊन थेट आमच्याकडे आले. चोची पुढे, माना ताणलेल्या, शेकडो तोंडं समोरून. भाऊजी हात पसरून मधोमध उभे. “पाहा! समोरून येऊन राहिले! सारेच्या सारे समोरून!” ते नाचत होते. बँकवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. मी पण ओरडत होते, काय ते आठवत नाही. नियम करणारे सर टोपी हवेत उडवत होते.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, सामान चढलं, ते गेले. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत “येतो हो वैनी!” ऐकू येत होतं. त्यानंतर लेकरं सकाळी उशिरापर्यंत झोपू लागली.

परवा आम्ही चौघं तलावावर गेलो. चक्रवाकांची जोडी परतली होती, काठाशीच बसली होती. बगळे निवांत, बदकं निवांत, खंड्या डोक्यावरच्या फांदीवर. सगळे पक्षी समोर, सगळे जागच्या जागी. बँकवाले साहेब म्हणाले, “छान दिसतायत.” पण कोणाचं लक्ष लागेना. शेवटी सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडले, “पाह्यलं रेऽऽऽ!”

एका बगळ्यानं मान वळवून पाहिलं. उडाला कोणीच नाही.